कुंकवाचे हात

मैनामावशीनं ज्यांना पहिली आंघोळ घातली, ती मुलं आता कसबा पेठेत दुकानं चालवतात, गणपतीत ढोल वाजवतात, घरपट्टी थकवतात आणि रस्त्यात ती समोरून आली की जरा ओशाळून हसतात. आपल्याला उघडंनागडं पाहिलेलं माणूस भेटलं की असंच होतं. मैनाला त्याचा कधी संकोच वाटला नाही. खाली मान घालून चालायची पाळी पुढे तिच्यावरच यायची होती.

ती मूळची वाशीमकडची. लग्न होऊन पुण्यात आली तेव्हा नवरा मंडईत पोती उचलायचा. तो लवकर गेला. दारिद्र्य तिच्या पाचवीलाच पुजलेलं होतं, पण हाताला चांगलं वळण होतं. तांबट आळीच्या पुढे, नदीकडे उतरणाऱ्या बोळात, एक दुमजली दगडी प्रसूतिगृह होतं. सागवानी सज्जा, वळणाचा जिना, खिडक्यांना हिरव्या-पिवळ्या काचा. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तिला आया म्हणून ठेवून घेतलं आणि जिन्यामागची खोली राहायला दिली. साईनाथ, तिचा एकुलता एक मुलगा, त्याच खोलीत वाढला.

बाई कडक होत्या. चादरीवर डाग दिसला तर ती चादर तुमच्या खांद्यावर टाकून म्हणायच्या, "ही घरी न्या, तुमच्याकडे चालत असेल." मैनाला असं एकदाच ऐकावं लागलं. त्यानंतर तिच्या कामात कुणाला खोट काढता आली नाही.

बाईंनी एकाच गोष्टीत हार मानली होती. बाळंतीण घरी जायला निघाली की मागच्या ओसरीत, कोनाड्याशेजारच्या भिंतीवर, कुंकवाच्या पाण्यात बुडवलेला हात उमटवून जायची. कुण्या तांबटाच्या सुनेनं हे सुरू केलं म्हणतात. हात ठेवून गेलं की पोर आजारी पडून परत इथे यावं लागत नाही, असा समज. बाई पहिल्यांदा चिडल्या. "दवाखाना आहे, देऊळ नाही," म्हणाल्या. मग दोन वेळा चुना मारूनही हात पुन्हा उमटायला लागले तेव्हा म्हणाल्या, "मैना, निदान एकाच भिंतीवर ठेव. दुसरीकडे दिसला तर तुझा हात उमटवीन." तेव्हापासून ती भिंत मैनाची झाली. वाटीत कुंकू कालवायचं, बाळंतिणीला धरून उभं करायचं, मनगट हलू नये म्हणून वरून आपला हात ठेवायचा. वर्षं गेली तशी भिंत भरत गेली. जुन्या हातांवर नवे हात, लाल, गुलाबी, विटकरी.

मोठी रुग्णालयं आली, बाळंतिणी तिकडे जायला लागल्या. बाई वारल्या, प्रसूतिगृह बंद पडलं. बाईंच्या परदेशातल्या भाच्यानं मैनाला राखण करायला सांगितलं, आणि काही वर्षांनी इमारत विकून टाकली. घेणारा इंद्रजीत. पेठेतलाच मुलगा, आता मोठा बिल्डर. तोही तिच्याच हातावर जन्मलेला.

"मावशी, मी इथलाच," तो पहिल्या दिवशी म्हणाला. "तुम्हाला कसा वाऱ्यावर सोडीन?"

त्याचा प्रश्न असा होता की इमारत महापालिकेच्या वारसा यादीत होती. यादीत असलेलं घर पाडता येत नाही, साधी खिडकी बदलायची तरी समितीला विचारावं लागतं. त्यानं नाव काढून टाकायचा अर्ज केला होता. पाहणीला माणसं येणार होती.

"जुनं सगळंच असतं मावशी, माझे वडील पण जुने आहेत," तो म्हणाला. "त्यांना विशेष काही दिसलं नाही पाहिजे, एवढंच. ती हातांची भिंत जरा साफ करून घ्या. हडपसरला माझी स्कीम होतेय. त्यात तुमच्या नावावर एक खोली-किचन. साईनाथचं लग्न काढताय ना?"

काढत होतीच. साईनाथ हडपसरच्या एका आयटी पार्कात देखभालीच्या कामावर होता. भाग्यश्री नावाची मुलगी सांगून आली होती, तीही वाशीमकडच्याच माणसांची. दोघांनी एकमेकांना पसंत केलं होतं. मुलीच्या वडिलांचा एकच प्रश्न होता, आणि तो त्यांनी चहाची बशी खाली ठेवता ठेवता विचारला होता, "जिन्यामागची खोली म्हणजे... तुमची स्वतःची का?" साईनाथ त्या वेळी जमिनीकडे बघत होता. मुलाची ती खाली गेलेली मान मैनाच्या डोळ्यांपुढून हलेना. आईला मुलासाठी काय काय करता येतं याचा आधी अंदाज नसतो. करून झाल्यावर कळतं.

तिनं लोखंडी ब्रश आणला. बाईंच्या हाताखाली शिकलेली बाई, नुसता रंग फासून मोकळी होणं तिला जमणारं नव्हतं. आधी पाणी मारलं, मग घासलं, चुन्याचे पापुद्रे सुपात गोळा केले, वरून पोपटी ऑइलपेंट दिला. इंद्रजीत येऊन बघून गेला. म्हणाला, "मावशी, तुम्ही हात लावला की प्रश्नच नसतो."

पाहणीला दोघं आले. समितीवरच्या एक वास्तुरचनाकार बाई, पांढरे केस, गळ्यात दोरीला बांधलेला चष्मा. आणि महापालिकेचा एक तरुण अभियंता, धम्मदीप. तो ओसरीत येऊन पोपटी भिंतीसमोर थांबला.

"मावशी, माझा जन्म इथलाच," तो म्हणाला. "आई सांगते, इथे भिंतीवर तिचा हात आहे. ती हीच का?"

इंद्रजीत मागे उभा होता. मैना म्हणाली, "नाही साहेब. असं काही नव्हतं इथे."

"नव्हतं?"

"दवाखान्यात कोण असं करू देतं? बाई लई कडक होत्या."

"मग आईच्या डोक्यात दुसरीकडचं काही असेल," तो म्हणाला, आणि पुढे गेला. बोलला अगदी सरळ, पण मैनाला ते लागलं. आपण एका बाईला तिच्या मुलासमोर खोटं पाडलं, हे तिला तिथल्या तिथे कळलं. ती चहा करायला आत गेली आणि गॅस पेटवायचा विसरून पातेल्याकडे बघत राहिली.

समितीनं अर्ज फेटाळला. दगडी काम आणि सज्जा पाहून म्हणे, ही इमारत यादीतून निघणार नाही. इंद्रजीत काही महिने फिरकला नाही. मैनाला वाटलं, संपलं. खोलीही गेली आणि भिंतही गेली.

मग एके दिवशी तो पेढे घेऊन आला. आता त्याचं बोलणं पार फिरलं होतं. त्याच्या सल्लागारानं हिशोब मांडून दिला होता. वारशाची इमारत नीट जपली, तर त्या जागेवर जेवढं बांधता आलं असतं तेवढ्या बांधकामाचा हक्क मालकाला कागदावर मिळतो, टीडीआर म्हणतात तो. तो हडपसर-खराडीकडे वापरता येतो, नाहीतर विकता येतो. मालमत्ता करात सवलतीसाठीही त्यानं अर्ज तयार ठेवला होता. पाडण्यापेक्षा जपण्यातच फायदा होता.

"म्हणजे आता इमारत जुनी आहे?" मैनानं विचारलं.

"जुनी नाही मावशी, ऐतिहासिक," तो म्हणाला. "जितका इतिहास जास्त, तितकी यादीतली श्रेणी वर. ते हात परत पाहिजेत."

"हात कसे परत येतील? मी घासून काढलेत."

"तुम्हीच काढले, तुम्हीच आणा. भिंत तुमची, कुंकू तुमचं. खोटं काय त्यात? होतेच ना तिथे?"

होतेच, हे खरं होतं. त्या एका शब्दाला धरून ती कुंकू कालवायला बसली. पोपटी रंगावर चुन्याचा हात दिला आणि त्यावर आपला उजवा तळवा टेकवला. एक, मग दुसरा, मग बोटं कधी फाकवून, कधी जुळवून, सगळे एकाच हाताचे दिसू नयेत म्हणून. लहान हात पाहिजेत म्हणून भाग्यश्रीलाही बोलावून घेतलं. नवीन घरची पद्धत असेल असं समजून त्या पोरीनं हौसेनं, पदर खोचून, हात उमटवले. "आई, किती करायचे?" असं हसत विचारलं. मैनाला तिच्याकडे बघवेना. मग इंद्रजीतनं सिनेमाचे सेट रंगवणारा एक माणूस धाडला. त्यानं चहाचं पाणी फवारून भिंत जुनी करून दिली आणि जाताना म्हणाला, "शंभर वर्षं वाढवली, मावशी. माझं वय कमी करता आलं असतं तर."

दुसऱ्या पाहणीला तीच दोघं आली. वास्तुरचनाकार बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला, भिंत बघितली, इंद्रजीतकडे बघितलं.

"मागच्या वर्षी इथे काही नव्हतं."

"रंगाखाली होतं, मॅडम. रंग काढला, निघालं," इंद्रजीत म्हणाला.

"अच्छा. वर्षभरात इतिहास बराच वाढला तुमचा. खतपाणी काय घालता?" असं म्हणून त्या सज्ज्याची लाकडं मोजायला निघून गेल्या.

धम्मदीप मात्र तिथेच राहिला. तो रागावला नाही. हळूच म्हणाला, "म्हणजे आईचं खरं होतं."

मैनानं मान डोलावली.

"यातला तिचा कुठला, मावशी? तुम्हाला आठवत असेल. जयाबाई, मंगळवार पेठेतल्या."

नाही आठवत, असं म्हणता आलं असतं. कुणालाही पटलं असतं. पण त्याचा चेहरा बघून तिला वाटलं, मागच्या वेळी याचं काढून घेतलं, ते आता तरी देऊन टाकावं. खिडकीजवळच्या एका हाताकडे बोट करून ती म्हणाली, "हा."

तो हात भाग्यश्रीचा होता.

धम्मदीपनं मोबाइलवर त्याचा फोटो काढला. रविवारी तो आईलाच घेऊन आला.

जयाताईंचे गुडघे गेलेले होते. काठी टेकत, मुलाचा दंड धरून त्या ओसरीत आल्या. "मैनाताई, तू म्हातारी झालीस की," म्हणाल्या आणि मैनाच्या गालावरून हात फिरवला. मग भिंतीसमोर उभ्या राहिल्या. मुलानं खिडकीजवळ बोट दाखवलं. "हा बघ आई, हा तुझा."

जयाताई त्या हाताकडे बघेनात. त्यांची नजर खाली, कोनाड्याच्या उजव्या अंगाला काहीतरी शोधत होती. तिथेही लालच हात होते. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग मैनाकडे वळल्या, आणि त्या नजरेसरशी मैनाला सगळं आठवलं.

निळे हात.

जया बाळ घेऊन घरी निघाली तेव्हा म्हणाली होती, "आमच्यात कुंकू नसतं मैनाताई. पण हात मलाबी उमटवायचाय." मैना म्हणाली होती, "थांब," आणि धुण्याच्या खोलीत जाऊन चादरींना घालायची नीळ वाटीत कालवून आणली होती. कोनाड्याच्या उजव्या अंगाला पहिला निळा हात जयाचा. त्यानंतर तिच्या वस्तीतल्या लेकी-सुना यायच्या त्या आल्याबरोबर सांगायच्या, "मावशी, आमची नीळ ठेवा हां." खाली निळ्या हातांची एक ओळच झाली होती. बाईंनाही ती आवडायची. मैनानं स्वतःच्या अकलेनं केलेली आयुष्यातली ही एकच गोष्ट, आणि भिंत नव्यानं भरताना तिला ती आठवलीसुद्धा नव्हती. तिनं नुसतं कुंकू कालवलं होतं.

आता जयाताई बोलतील आणि मुलासमोर आपली लाज निघेल, म्हणून ती पदराचं टोक धरून उभी राहिली.

"हा असेल," जयाताई म्हणाल्या. "आता डोळ्यांना नीट दिसत नाही बाबा. चल, गुडघे दुखतात."

जाताना त्यांनी चहा घेतला नाही.

पुढच्या आठवड्यात महापालिकेत जबाब द्यायचा होता. जबाब इंद्रजीतच्या वकिलानं लिहून आणला होता: मी अमुक वर्षं इथे आया होते, भिंतीवरचे हात माझ्या समक्ष उमटलेले, जुने आणि अस्सल आहेत. टेबलापलीकडे धम्मदीप, अलीकडे इंद्रजीत. साईनाथ रजा टाकून आईला सोबत घेऊन आला होता. या सहीनंतर हडपसरच्या खोलीचा कागद होणार, हे त्याला माहीत होतं. त्यानं आईच्या हातात पेन दिलं.

"हे हात माझे आहेत," मैना म्हणाली.

"म्हणजे तुमच्या देखरेखीखाली," वकील म्हणाला.

"नाही. माझे. हे बघा." तिनं तळवा टेबलावर उपडा ठेवला. "काही माझ्या होणाऱ्या सुनेचे. तिला काही माहीत नव्हतं. खरे मी मागच्या वर्षी घासून काढले."

साईनाथ उठून बाहेर गेला. धम्मदीपनं जबाबाचा कागद उलटा करून ठेवला.

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं का, मावशी?" त्यानं विचारलं.

आपलं नाव घेऊ नकोस असं सुचवायला इंद्रजीतनं तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही, एवढा तो निर्धास्त होता. तिनं नाव घेतलं. पण पुढे म्हणाली, "घासलं मीच. त्यांनी साफ कर म्हटलं होतं. इतकं साफ कर, असं नव्हतं म्हटलं."

इमारतीचं काही बिघडलं नाही. दगड, सज्जा आणि जिना एवढ्यावरच तिला वरची श्रेणी मिळाली. वास्तुरचनाकार बाईंना हातांची कधी गरजच पडली नव्हती. इंद्रजीतला एक कडक नोटीस गेली, त्याचं काम काही महिने रेंगाळलं आणि पुन्हा सुरू झालं. मैनाला तो जिन्यात भेटला तेव्हा ओरडला नाही.

"खरं बोललात, चांगलं केलंत," तो म्हणाला. "खोलीचं बघू."

पुण्यात 'बघू' म्हणजे काय ते मैनाला कळत होतं.

भाग्यश्रीच्या वडिलांनी निरोप धाडला की घाई नाही, घराचं झालं की बोलू. साईनाथनं हडपसरला गाडीतळाच्या पुढे एक भाड्याची खोली बघितली आणि आईचं सामान टेम्पोत भरलं. सामान भरताना तो चांगलं बोलला, नको तेवढं चांगलं. एकदाच म्हणाला, "आई, मला आधी सांगायचंस ना. मीच गेलो नसतो त्या दारात." इंद्रजीतचं, भाग्यश्रीच्या वडिलांचं की महापालिकेचं, नेमकं कुठलं दार, हे तिनं विचारलं नाही.

तिची एकच आशा उरली होती. समितीनं भिंत उकलायला माणसं लावली होती. चुन्याच्या थरांत जुने रंग राहतात, असं तिनं ऐकलं होतं. कोनाड्याच्या उजव्या अंगाला निळ्याचा एक ठिपका जरी सापडला, तरी तो घेऊन जयाताईकडे जाता येईल. काम चालू होतं त्या दिवशी ती हडपसरहून बस पकडून आली आणि ओसरीच्या दारात उभी राहिली. ओल्या बोळ्यानं तिनं उमटवलेले लाल हात पुसले गेले. मग पोपटी रंग निघाला. मग खाली नुसते दगड आणि त्यांचे सांधे. कारागिरानं बोट फिरवून बघितलं आणि साथीदाराला म्हणाला, "कुणी घासलंय रे हे? पार हाडापर्यंत."

ती तिथून तशीच मंगळवार पेठेत गेली. जयाताई पलंगावर बसून मेथी निवडत होत्या. धम्मदीप आतल्या खोलीत कुणाशी तरी फोनवर बोलत होता.

"काही नाही राहिलं, ताई," मैना दारातूनच म्हणाली. "मला वाटलं होतं, खाली थोडं तरी असेल."

"बस."

ती पलंगाच्या कडेला टेकली. "घासलं त्याचं एक झालं. पण नवीन करताना मला निळे आठवले नाहीत. मीच ती नीळ आणली होती, आणि मीच... काहून विसरले, कळत नाही."

जयाताई देठ खुडत राहिल्या. "घासताना तुला दिसली असेल ना ती ओळ."

मैनाला दिसली असणार. ती त्या वेळी साईनाथच्या हडपसरच्या खोलीत ओटा कुठल्या बाजूला घालायचा याचा विचार करत होती. हात चालू होते.

"तुझं काम चोखच असायचं," जयाताई म्हणाल्या. त्यात टोमणा होता की नव्हता, हे मैनाला कळलं नाही. "पोराला मी लहानपणापासून सांगायचे, तुझी आई तिथे भिंतीवर आहे म्हणून. तो तुझ्याकडून परत आला त्या दिवशी म्हणाला, आई, तुझ्या लक्षात चूक आहे. मी म्हटलं, असेल. वर्षभर मलाच वाटत होतं, मी बनवून सांगितलं की काय."

"मी सांगते त्याला. तुम्ही खरं सांगत होतात, म्हणून."

"त्याला कळलंय. ऑफिसात तूच सांगितलंस की." त्यांनी निवडलेली मेथी ताटात सारखी केली. "लग्न मोडलं का साईनाथचं?"

"मोडलं नाही. थांबलंय."

"हं."

आतलं फोनवरचं बोलणं थांबलं होतं. धम्मदीप बाहेर येईल आणि आपल्याला मावशी म्हणेल, हे मैनाला नको होतं. शिव्या घातल्या असत्या तर ती बसून राहिली असती, सगळ्या ऐकून घेतल्या असत्या. ती उठली, पायात चपला सरकवल्या.

"येते, ताई."

जयाताईंनी मान डोलावली. पण 'ये' म्हणाल्या नाहीत. मैना उंबऱ्यात जरा थांबली आणि मग जिना उतरायला लागली.